मागच्या बाकावरचा कागद

जानेवारीत आमच्या उपासनेला खोकला असतो.
नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळते,
वारा फिरला की दुसऱ्या कडव्यात
अर्धी मंडळी शिंकते,
आणि पाळक गावीतसाहेब थांबून पाणी पितात.
आम्हाला सवय आहे. सगळ्याचीच सवय आहे:
कुठे उठायचं, कुठे बसायचं,
कुठल्या प्रार्थनेला खरंच डोळे मिटायचे.

त्या रविवारी देवकाबाई आली.
चपला काढून तिनं पिशवीत घातल्या,
बाकाच्या टोकावर टेकली,
एसटीत दुसऱ्याच्या जागेवर टेकावं तशी.
मी मंडळीचा चिटणीस. छापील क्रम दिला हातात:
प्रारंभीचं आवाहन, पापांगीकार, प्रतिसादवाचन.
म्हणाली, "भाऊ, माले वाचता येस नई."
कागद मात्र परत केला नाही,
उभी घडी घालून वारा घेत राहिली.

आणि विचारत राहिली, हळू,
"आते उभं ऱ्हावानं का?"
"ते कोकरू कोनं शे? हराई गयं का?"
बावीस वर्षं गातोय ते कोकरू,
कुणी विचारलं नव्हतं.
"ते म्हणजे... प्रभू."
"मंग मेंढपाळ कोन?"
"तोही प्रभूच."
तिनं मान हलवली.
घरात एकटाच कमावता असला
की त्यालाच सगळं व्हावं लागतं, तिला ठाऊक होतं.
"आन् आमेन?"
"तसंच व्हवो."
"मंग तसंच म्हना ना."

मग एकमेकांना शांती द्यायची वेळ आली.
रूथताईंनी हात पुढे केला,
देवकाबाईनं आपले पदराखाली घेतले.
माझ्या मनात आलंच: बाहेरची बाई, चालत नसेल तिला.
"तुम्हना हात झोंबतीन," ती म्हणाली,
"रातभर देठं खुड्यात मी."
शिमोनबाबा वळवींना कानानं कमी,
त्यांनी दोन्ही हात पदरातून ओढून धरले,
मग स्वतःचे डोळे पुसले.
पुढची सगळी प्रार्थना ते घळाघळा रडत होते.
गावीतसाहेबांना वाटलं, आज आत्मा उतरला.
ती तोंडाला पदर लावून हसली. मीही.

आणि भाकरीचं ताट आलं.
तिच्या मांडीवरून ते पलीकडे जायचं होतं.
मी काही बोलायच्या आत
तिनं पदर आवरला, अंग चोरलं,
शिवू नये म्हणून.
कागदावर हे छापलेलं नव्हतं.
सबंध उपासनेत एवढी एकच गोष्ट
तिला विचारावी लागली नाही.

रात्री कागद नव्यानं लिहायला बसलो.
पापांगीकार खोडून लिहिलं:
चुकलो ते देवाला मनातल्या मनात सांगू.
प्रतिसादवाचन: एक ओळ आमची, एक तुमची.
कोकरासाठी समासात चार ओळी गेल्या, तरी अपुरं वाटतं.
ताटापाशी पेन थांबलं.
'हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी.'
नियम आहे, खोटा नाही.
पण लिहून पाहिलं तर
माझ्या आजोबांना विहिरीवर ऐकू आलेलं वाक्य
यापासून फार लांब नव्हतं.
गावीतसाहेब म्हणाले, त्या वेळी मी खाली उतरेन,
तिच्यापाशी जाईन, आशीर्वाद देईन. चालेल?
म्हटलं, मला काय विचारता.

शनिवारी पथारीवर गेलो, वाचून दाखवायला.
लाल ढिगाशी बसून ती देठं खुडत ऐकत होती.
"बाबाना डोया बरा शेत ना?" मध्येच.
मी वाचत वाचत कोऱ्या जागेशी आलो.
"आठे काय शे?"
"आठे अजून काही नाही," म्हटलं,
आणखी काही सांगणार होतो,
तेवढ्यात शिंक आली.