गंज यात धरत नाहीत

झीनत मुकादम फॉर्म घेऊन आली
ती घरात नाही, सरळ गाडीत जाऊन बसली.
म्हणाली, ज्याचा विमा उतरवायचा
त्याच्या पोटात बसून बघावं आधी.

पोटात अजून बांगड्याचा वास आहे.
चौदा वर्षं हा टेम्पो देवगड बंदरातून
बर्फाखाली मासळी घेऊन कोल्हापूरला जायचा.
चालवायची माझी नणंद, शेवंती.
फोंडा घाटात एकदा दोन्ही दिवे गेले
तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात
तिनं तो वर चढवला, आणि वर पोचल्यावर
त्या ट्रकवाल्याला दोन सुरमया दिल्या.

आता बर्फाच्या जागी फणसाच्या फळ्यांचा पलंग,
पलंगाखाली डबे, शेगडी, कोकमाची बाटली,
खिडकीला माझ्या लुगड्याचा पडदा.
ओरोसच्या आरटीओत चार खेपा घातल्या तेव्हा
पुस्तकातलं 'मालवाहू' जाऊन तिथं आलं
'निवासी वाहन'.
आम्ही दोघींनी ते आळीपाळीनं वाचलं,
मराठीच असूनही.

झीनत बोट ठेवत गेली.
नुसतं थर्ड पार्टी घेतलंत, तर तुम्ही ठोकलंत त्याला मिळेल,
तुम्हाला काही नाही.
फुल घेतलंत तर चोरी, आग, वादळ.
झिरो डेप एवढ्या जुन्या गाडीला देत नाहीत.
"माका तरी खंय कोण देता," शेवंती म्हणाली.

माड पडला तर?
धरतात.
नुसता नारळ पडला तर?
झीनतनं पान उलटलं. धरतात.
आणि भरती न बघता वाळूत घातली तर?
ती जरा थांबली. मागच्या दिवाळीत कुणकेश्वरला
पुण्याची एक पांढरी गाडी बोनेटपर्यंत बुडाली होती.
कंपनीनं त्यांना कळवलं,
समुद्र तुमच्याकडे आला नव्हता,
तुम्ही त्याच्याकडे गेला होतात.

मी विचारलं, आणि खारा वारा?
दाराखालचा पत्रा बघ, नख लावलं की पापुद्रा निघतो.

गंज यात धरत नाहीत, मावशी.
जे एकदम होतं तेवढंच धरतात.
हळूहळू होतं
त्याला अपघात म्हणत नाहीत.

मी पडदा नीट केला.
शेवंतीचा भाऊ सात वर्षं खोकत होता.
होडीतला त्याचा हिस्सा विकून
त्या पैशात हा पलंग आलाय, ही खिडकी आलीय.
झीनतला हे माहीत नव्हतं. तिनं सांगितलं ते
तिच्या पुस्तकात लिहिलेलंच होतं.

मग मालक-चालक. तिथं शेवंतीचं नाव,
पंधरा लाख, सहीच्या जागी सही.
खाली दुसरी ओळ: बिननावाचा प्रवासी, एक.
तो मी.

"बिननावाचो कित्याक? नाव आसा तिचा."
नाव घालायचं तर हप्ता वाढतो, आत्या.
"कितक्यान?"
झीनतनं मोबाईलवर आकडे दाबले आणि दाखवले.
शेवंतीनं चष्मा कपाळावर सरकवून ते वाचले,
मग वर जाऊन दुसऱ्या एका चौकोनावर बोट टेकलं,
रस्त्यात बंद पडली तर ओढून नेणे, टायर बदलणे.
"ह्या काढ. टायर मी बदलतंय.
हिचा नाव घाल."

माझं नाव लिहिताना झीनतनं स्पेलिंग विचारलं.
मला ते पहिल्यांदा चुकीचं सांगता आलं, मग बरोबर.
नात्याला रकाना नव्हता,
त्यामुळे नणंद की भावजय ते कुठंच आलं नाही.

ती पावती देऊन विजयदुर्गच्या एसटीला गेली.
शेवंतीनं पावती तांदळाच्या डब्यात ठेवली,
पॉलिश पेपर काढला आणि दाराशी उकिडवी बसून
पत्रा घासायला लागली.
तांबडी भुकटी तिच्या पायांवर पडत होती.
मी बाजूला उभी राहून
रेड ऑक्साइडचा डबा धरला.