त्र्याहत्तर मैल

सहाला दहा कमी होते. धान्याच्या उंच कोठारांवर
बर्फ नव्हतं अजून, नुसता वारा, कॅन्ससचा,
माणूस नसताना दारावरची घंटा वाजवणारा.
त्यातली एक घंटा माणसाची निघाली.

डेल्फिना. आडनाव चिठ्ठीवर वाचलं, इथे सांगणार नाही.
मांसाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असते,
हातमोजे काढले तरी बोटं वाकलेलीच राहतात तिची.
चिठ्ठी दिली. कारण दिलं नाही.
कायदा कारण विचारत नाही. मीही नाही विचारलं.

चिठ्ठी आत गेली
आणि तशीच बाहेर आली.
एल्डन उन्रू आवाज चढवत नाहीत.
एकोणीस वर्षांत एकदाच चिडलेले पाहिले,
तेही बिलातल्या चुकीवर, स्वतःवरच.
"हे माझ्या हातून होणार नाही," म्हणाले,
"त्र्याहत्तर मैलांवर दुसरं दुकान आहे, पत्ता लिहून देतो."
आणि दिला खरंच, सुबक अक्षरात,
कुठे वळायचं, कुठे रस्ता उखडलाय, त्यासकट.

त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचे पणजोबा.
एकोणीसशे अठरा साली गणवेश चढवायला नाही म्हणाले.
तुरुंगात त्यांना गजांना उभं बांधत, हात वर करून,
दिवसाचे नऊ तास.
सुटून आले तर गावाने घराला पिवळा रंग फासलेला.
त्यांनी तो खरवडला नाही. आपोआप विटू दिला.
त्या फोटोवरची धूळ दर सोमवारी मी पुसते.
कधी जिवावर आलं नाही.

पण त्या संध्याकाळी गल्ल्यापाशी उभी मी,
लग्नं नि मयती सोडून चर्चची पायरी न चढणारी,
आणि हिशेब काही लागेना.
पणजोबांचं 'नाही' पणजोबांनीच भोगलं.
मनगटं त्यांची होती.
हे 'नाही' म्हणाले एल्डन,
आणि पेट्रोल जाळायचं दुसऱ्या कुणी,
पाळीचा पगार कापला जायचा दुसऱ्या कुणाचा,
घड्याळ टिकटिकतंय ते दुसऱ्याच कुणाच्या पोटात.

मग उलटं धरूनही बघितलं:
उद्या कायद्याने मनगट धरून
त्यांना ती डबी उचलायला लावली,
तर तो हात कुणाचा?
आणि फोटो मी कोणत्या तोंडाने पुसू?

दर्शनी कपाटात आमच्याकडे पितळी तराजू आहे, जुना, शोभेचा.
येणारेजाणारे त्याचे फोटो काढतात.
एका पारड्याची साखळी तुटलीय.
दुसऱ्यात आम्ही रबरबँड ठेवतो.

डेल्फिना रडली नाही. पत्त्याच्या कागदाला
चार घड्या घालून तिने तो काउंटरवर परत ठेवला.
"गाडी भावाकडे असते," एवढंच.
एल्डननी मान खाली घातली. ओठ हलत होते.
कुणासाठी, ते त्यांचा देव जाणे.

सहा वाजले. दारावरची पाटी उलटी केली
आणि माझ्या गाडीची किल्ली काढली.
"ट्वायला," मागून आवाज आला,
"पुलाजवळ हरणं येतात. सावकाश."

बराच रस्ता आम्ही बोललो नाही.
मग तिने विचारलं, भिंतीवरचा तो माणूस कोण?
सांगितलं सगळं, गज, नऊ तास, पिवळा रंग.
ती गप्प. एक गाव मागे गेलं, दिवे गेले.
"हात दुखले असतील," म्हणाली,
आणि आपली बोटं हीटरपुढे धरली.