बर्फाचे काटे

आमच्याकडे बर्फ म्हणजे
हर्णेच्या बंदरात भुशात लपेटलेली लादी,
फोडून सुरमईच्या पोटाशी लावलेली.
एवढाच.
तरी भाचा येताना काटे घेऊन आला,
बुटांवर चढवायचे, रबरी पट्टा, खाली साखळी,
साखळीला पोलादाचे दात.
'तिकडे हिवाळ्यात याच्याशिवाय रानात पाऊल टाकत नाहीत, मामा.'
सुट्टी संपली, तो गेला,
काटे राहिले दाराआड, छत्रीशेजारी.

पौषातली सकाळ. दापोलीत पारा नवावर, असं रेडिओ म्हणाला.
सड्यावरचं गवत दहिवराने वाकलेलं,
काजूच्या मोहोराचा तुरट वास धुक्यात अडकून राहिलेला.
गेल्या वर्षी याच पाखाडीवर पडलो होतो,
पाचव्या की सहाव्या पायरीवर,
तेव्हापासून खाडीवर जायचं तर एसटीने, डांबरी वळसा घालून.
आज काटे चढवले.

खट्. खट्. खट्.
जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर मेलेलं शेवाळ,
शेवाळावर ऐन-किंजळाची पानं, पानांवर दंव.
एकेक पायरी तेल लावून ठेवल्यासारखी.
पण मी घसरलो नाही.
हळद्या बोलायचा थांबला,
वरच्या फांदीवर वानराने पिल्लू पोटाशी ओढलं.
एवढा आवाज करत या रानात
कोणी उतरलं नसेल.

मागून द्वारकी शिगवण आली, अनवाणी,
डोक्यावर टोपली, टोपलीत कोयती.
'काय वो भाऊ, घोड्याला नाल मारलेत काय?'
मी कौतुकाने पाय उचलून दाखवला.
तिने दात पाहिले, मग माझ्यामागच्या पायऱ्या पाहिल्या.
प्रत्येक पायरीवर ताजी लाल भोकं,
ओळीने, माझ्या मापाची.
'आमच्या आज्याने बसवलेत ह्ये दगड,'
एवढंच म्हणाली, आणि पुढे झाली.
मी पायरीच्या कडेकडेने चालू लागलो,
जिथे माती होती तिथून.

खाली पऱ्याला पाणी अजून होतं,
गोठल्यासारखं स्वच्छ.
साकव म्हणजे पोफळीची दोन खोडं, काथ्याने बांधलेली,
वर पांढुरकं दंव, चकचकीत.
ती आडवी पावलं टाकत गेली, अंगठ्याने खोड धरत.
मी मधोमध पोचलो आणि दात लाकडात रुतले.
उजवा निघेना. डावा निघेना.
पाण्यावर माझी सावली
बगळ्यासारखी उभी.
शेवटी तीच परत आली, टोपली पलीकडे ठेवून,
साकवावर फतकल मारून बसली,
लहान पोराचे काढावेत तसे माझे पट्टे सोडवले,
बूटही काढले.
'आता या.'
पायाखाली खोड इतकं गार
की गुडघ्याची कळ विसरलो.
बोटं पांगली, आपापली जागा शोधू लागली.
चाळीस वर्षं त्यांना काही कामच नव्हतं.

खाडीवर ऊन आलेलं. ओहोटी पुरती खाली गेलेली,
खडक उघडे, खडकांना कालवं,
हातभर अंतरावर दुसरं ब्लेड, तिसरं ब्लेड.
मी तसाच पुढे निघालो, नव्याने अनवाणी, ऐटीत.
'थांबा की!'
तिने टोपलीतून काढले पोराचे जुने शाळेचे बूट,
टाचा झिजलेल्या, एकाला नाडी, एकाला सुतळी.
सावकाश पायात घातले, गाठ दोनदा तपासली.
'रानात नाय लागत. हितं लागतात.'
तळवा वर करून दाखवला,
पांढऱ्या रेघा, आडव्या-उभ्या,
जुन्या सातबाऱ्यासारख्या.

मग वाकली, आणि कोयतीचा आवाज सुरू झाला,
टक्, टक्, माझ्यापेक्षा खूप हलका.
मी धक्क्यावर पाय उन्हात पसरून बसलो.
काट्यांच्या दातांत जांभ्याची लाल माती होती,
काडीने काढत राहिलो,
भरती यायला लागेपर्यंत.
निम्मीच निघाली.