रकाना क्रमांक चार

जुलैत इथे पाचलाच अंधारून येतं.
दक्षिण डनीडनची ही वस्ती सपाट, समुद्राला टेकलेली.
सूर्य उत्तरेचा, तो आधी टेकडीवरची घरं गाठतो,
मग उरलासुरला इकडे.

मी घरांची ओल मोजतो, एजन्सीसाठी.
हातात दोन सुयांचं यंत्र. भिंतीला टोचलं की आकडा सांगतं,
फारच ओलं असेल तर ओरडतं.

लोसा लेआवासाच्या झोपायच्या खोलीत
पहिल्याच टोचणीला ओरडलं.
तावदान एकेरी, चौकट लाकडी, खालच्या कोपऱ्यात लांबी सुटलेली,
आणि तिथून काळी बुरशी: आधी मोहरीएवढे ठिपके,
मग त्यांची गर्दी, मग थेट पडद्याच्या अस्तरावर मुक्काम.
गाद्या भिंतीपासून हातभर ओढून घेतलेल्या.
खोलीत पाचजण,
कारण हीटर एकच.

"व्हिनेगरने पुसलं," लोसा म्हणाली. "ब्लीचने काळ्याचं गोरं होतं,
आठ दिवसांत पुन्हा काळं.
गेल्या वर्षी मालकाने रंग मारून दिला,
तर रंगातून डोकावली, वसुलीला आल्यासारखी."

माझ्या फॉर्मवर रकाना क्रमांक चार: कारण.
अ, इमारतीतला दोष. आ, राहणाऱ्यांच्या सवयी.
एजन्सीला आ आवडतो.
आ मध्ये काहीही मावतं. आत वाळत घातलेले कपडे,
झाकण न ठेवता शिजवलेला भात,
बंद खिडकी (बाहेर शून्य अंश असले तरी),
आणि शेवटी श्वास.
एक माणूस रात्रभरात पेलाभर पाणी हवेत सोडतो:
हे वाक्य मी तीनशे घरांत तरी म्हटलं असेन.
लोक मान खाली घालतात,
पेला त्यांनीच चोरल्यासारखी.

लोसाने घातली नाही.
ती जॅमची बरणी घेऊन आली, बाहेरून नेलपॉलिशच्या आडव्या रेघा,
आणि शाळेची एक वही.
पहाटे इस्पितळाच्या फरशा पुसायला निघण्याआधी
ती चौकटीवरचा टॉवेल बरणीत पिळते.
लिहितो इओसेफो, वय नऊ. खोकत लिहितो, त्यामुळे अक्षर हललेलं.
मंगळवार, तीन रेघा.
बुधवार, तीन आणि थोडं.
गुरुवार, मामा राहिला, चार.

मी पान उलटलं.
"इथे आम्ही नव्हतो," पोरगं म्हणालं.
इन्व्हरकार्गिलला मयत होती, झाडून सगळे गेले होते.
जाताना आईने कोरडा टॉवेल गुंडाळून चौकटीवर ठेवला.
वहीत लिहिलं होतं:
तीन रात्री. माणसं शून्य. रेघा सात.

त्या सातकडे मी बराच वेळ बघत राहिलो.
मग कपाटातली फळी उचकटून टॉर्च खाली धरला.
घराखाली पाणी उभं होतं.
ना वाहत, ना गळत. नुसतं उभं,
आपल्यालाही कुणी भाड्याने ठेवलंय असं.
त्यात रंगाचा एक रिकामा डबा तरंगत होता.
शेजारी वाकलेली लोसा म्हणाली, "हाच तो रंग."

मी अ वर खूण केली,
पेन इतकं दाबून की खालच्या पानावरही उमटली.
संध्याकाळी रॉडरिकचा फोन. "नक्की अ?"
"नक्की."
"बरं. बघू."

आता सप्टेंबर आलाय, अजून बघतायत.
परवा मी पुन्हा गेलो, माझं काम नसताना.
दुसरी वही सुरू झालीय.
इओसेफोने विचारलं, "तुमच्या घरी किती रेघा?"
मी म्हटलं, बघून सांगतो.

माझं घर टेकडीवर, तोंड उत्तरेला, तावदानं दुहेरी.
सकाळी उठलो, चौकटीवरून बोट फिरवलं.
कोरडं.
रात्रभर मीही श्वास घेतला होता.