पाऊण लिटर

आजव्याचं पाणी सोडलंय, असं
समोरच्या जिग्नेशने गॅलरीतून ओरडून सांगितलं
तेव्हा मी नथानिएलचं पाणी मोजत होते.
दिवसाला पाऊण लिटर.
गोळ्यांसकट, चहासकट,
वरणाचं पातळसुद्धा त्यातच धरायचं.
स्टीलच्या पेल्यावर मी लेकीच्या जुन्या नेलपॉलिशने
एक रेघ ओढली आहे.
रेघेच्या वर थेंब नाही.

संध्याकाळी विश्वामित्री फतेगंजात शिरली.
आधी गटारातून, चोरासारखी,
मग सरळ रस्त्याने, मालकिणीसारखी.
पहिली पायरी. दुसरी.
वॉचमनची खुर्ची तरंगत निघाली.
चर्चच्या कंपाउंडात मगर दिसली म्हणे,
पाळकसाहेबांच्या स्कूटरपाशी.
नथानिएल हसला. म्हणाला,
"चला, उपासनेला कुणीतरी नवीन आलं."

प्रभू, मी फार लांबण लावत नाही.
उद्या गुरुवार.
गुरुवारी सकाळी सातला त्याला मशीनवर घ्यावं लागतं,
काळ्या घोड्याच्या पुलापलीकडे.
आणि पूल बंद आहे.

फोनची बॅटरी होती तोवर निरोप येत राहिले:
विश्वास ठेव. ही परीक्षा आहे.
एलिशिबाआत्याने तर उपास धरला.
मी तेहतीस वर्षं शाळेत पेपर तपासले.
एकाही पोराला मी
तहानेलं ठेवून प्रश्न विचारला नाही.
हे तुला लागलं असेल
तर लागू दे.

रात्री वीज गेली. चौथ्या पायरीवर मी मेणबत्ती लावली,
नाताळची उरलेली, लाल,
भक्तीने नव्हे,
पाणी कुठवर आलंय ते दिसावं म्हणून.
तिच्या उजेडात जिन्यात पाणी, रस्त्यावर पाणी,
पाण्यात कुणाच्या तरी तुळशीची कुंडी,
आणि वर, खाटेवर, एक माणूस
ओला रुमाल ओठांवर धरून बसलेला.
"एक घोट दे," म्हणाला. "कोण बघतंय?"

मी नाही दिला.

मग तुझ्याशी बोलायला बसले
तर शब्दच येईनात.
लहानपणापासूनची प्रार्थना अर्ध्यावर गळाली,
सुईतून दोरा निसटावा तशी.
आणि मग, कसं कोण जाणे, तू आठवलास.
वादळाला दटावणारा नाही.
पाण्यावरून चालत येणारा तर नाहीच,
त्या रात्री मला तो चालला नसता.
कोरड्या ओठांचा तू.
उन्हात, खिळ्यांवर, तहान लागली म्हणणारा.
तुलाही कुणी धड पाणी दिलं नाही.
दिलं ते आंबट.

म्हणजे तुला ठाऊक आहे.
एवढंच धरून मी बसले,
अंधारात जिन्याचा कठडा धरतात तसं.
तो कुठे नेतो हे तेव्हा कुणी विचारत नाही.
तो हलत नाही ना,
एवढंच हाताला कळतं.

पहाटे ट्रॅक्टरचा आवाज.
गोरव्याचा मेराभाई भरवाड, दुधाचे कॅन घेऊन,
बॉनेटवर मेलडीमातेचं चित्र, त्याला ओला हार.
दूध देऊन झालं, तरी तो थांबला. वर बघून म्हणाला,
"बेसी जाव, बेन. काकाने पकडजो."
दोघांनी मिळून नथानिएलला कॅनांच्या मध्ये बसवला.
पुलावर पोलिसाने शिट्टी फुंकली,
मग त्याचा चेहरा पाहिला,
मग दुसरीकडेच पाहिलं.

हे उत्तर होतं का, मी विचारलं नाही.
तूही सांगितलं नाहीस.
मशीन दुपारी दोनला मिळालं.
तोवर तो बाकावर आडवा, माझ्या मांडीवर डोकं,
पाय सुजून चपलेत मावेनात,
आणि मी तुझ्याशी भांडत होते. अजूनही भांडते.
पण भांडायला दुसरं कुणाचं दार
मला सुचत नाही.

सोमवारी पुन्हा यायचंय.
जिन्यात चिखल आहे, वास आहे,
धुवायला नळाला पाणी नाही.
पेल्यावरची रेघ घासून घासून पुसट झालीय.
उद्या, दिवसाउजेडी,
पुन्हा ओढायला हवी.