कढत पाणी

आधी मला पाण्यानं सांगितलं.
निलव्वाच्या न्हाणीत दुपारी तीनला धूर.
सकाळी न्हाली होती, दहाला परत न्हाली,
बंब निवतच नव्हता.
"अंगावर कढत ओतलं की ओकारी थांबतीय, बाई."
सातवा महिना. दंड माझ्या मनगटाएवढे.

ताई कार्डावर मी लिहिलं : अशक्तपणा.
कार्ड कन्नडात, निलव्वा मराठीत,
मी खानापूरची आशा, दोघींच्या मधे
रकाने भरत जाणारी.
त्या वासाला रकाना नव्हता.

वास मी ओळखला होता.
कौलांच्या भट्टीवर पाठ मोडायची, तेव्हा पहिला झुरका.
दिवस गेले, मळमळ सुरू, म्हणून रोज.
मग त्यानंच ओकारी वाढली,
म्हणून आणखी.
सासू म्हणायची, "झाडपालाच की गे, दारू न्हवं."
लुमाण्णा काहीच म्हणायचा नाही, चिलीम पुढं करायचा.

एकदा धीर करून बोलले.
तुझ्या रक्तात जे उतरतं, ते नाळेतूनही उतरतं.
ती म्हणाली, "मग ओकून मरू काय?"
चारची एस्टी हुकेल म्हणून मी उठले.
खरं तर एस्टी साडेचारला होती.

पोर पाच आठवडे आधी आलं.
बेळगावच्या सरकारी दवाखान्यात, काचेच्या पेटीत,
एक किलो आठशे.
मूठ मिटताना थरथरायचं,
कुठं बादली आपटली की सगळं अंग दचकायचं.
डॉक्टर कन्नडात सांगत होते, मी मराठीत करत होते :
ह्याच्यामुळंच, असं नाही.
ह्याच्यामुळंही.
एकच शब्द उलटा करायला लागला नाही. गांजा.
दोन्हीकडं तोच.
निलव्वानं मान खाली घातली ती त्याच शब्दाला.
मग हळूच, "दुधातनं पण जातोय?"
जातो, म्हटलं.
ह्या वेळी एस्टीकडं बघितलं नाही.

आज गेले. बंब थंड, त्याच्यावर कोंबडी बसलेली.
झोळीच्या काट्यात पोर दोन किलो चारशे,
निलव्वानं काटा दोनदा वाचायला लावला.
मग म्हणाली, "काल हात गेलता चिलमीकडं."
मग?
"मग भाईर येऊन बसले. तू येतीस काय बघत."

पेन हातात होतं.
अशक्तपणा, माझ्याच अक्षरात, अजून तिथंच.
मी टोपण लावलं
आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.