पातळ पाणी

दुलुथच्या इस्पितळात, तळघरातल्या एक्स-रे खोलीत
एकतीस वर्षं मी माणसांचे गळे पाहिले.
बेरियम कालवलेला घास पडद्यावर काळा दिसतो,
सेकंदभरात वळण घेतो,
कधी श्वासाच्या वाटेला लागतो.

ताउनो निएमी, लोहखनिजाच्या जहाजावरचा आचारी.
लकव्यानंतर, घट्ट केलेली कॉफी ढवळत म्हणाला,
"ही प्यायची की भिंतीला लावायची?"
मी लिहून घेतलं: हनुवटी खाली. दोनदा गिळणे.

साधं पाणीच सगळ्यांत अवघड,
हे सांगितलं की नातलग माझ्याकडे बघत राहतात.

अकराव्या आठवड्यात
चमचाभर पाणी.
गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.
ठसका नाही.
वॉर्डाच्या खिडकीत गोठलेलं सरोवर.

"अजून," म्हणाला.

मी छातीला स्टेथोस्कोप लावला,
बराच वेळ ऐकलं,
आणि पेला उचलून घेतला.
उद्या.